पडक्या बुरुजाला हात लावण्याआधी: गड आणि गडाखालच्या रणमाळावरचं श्रमदान

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका तरुण मंडळाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाजवळ पडका गड आहे. गडाखालच्या माळावर लढाई झाली होती असं जुनी माणसं सांगतात. दर रविवारी तीसेक जण यायला तयार आहेत. झाडी काढायची, ढासळलेला बुरूज सिमेंटने बांधून घ्यायचा, टाकं उपसायचं आणि माळावर झाडं लावायची असा विचार आहे. परवानगी कुणाची घ्यायची आणि सुरुवात कुठून करायची?

या चार कामांपैकी गवत-झुडपं काढणं लेखी संमती हातात आली की लगेच सुरू करता येईल. टाकं उपसणं पुरातत्त्व खात्याच्या माणसासमोरच करा. उरलेली दोन, म्हणजे सिमेंटचा बुरूज आणि माळावरचे खड्डे, सोडून द्या. त्यांनी गडाचं नुकसान होतं आणि ते पुन्हा भरून निघत नाही. का, ते पुढे येईलच.

पहिली पायरी म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघणं. सर्व्हे नंबर काढून आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) घ्या. गडाचा माथा एका नंबरात, उतार वनखात्याकडे आणि खालचा माळ गायरानात किंवा खासगी शेतकऱ्यांच्या नावावर, असं आपल्या भागात सर्रास असतं. म्हणजे एकाच गडासाठी तीन ठिकाणी जावं लागतं. मग जागा संरक्षित आहे का ते पाहा. केंद्राच्या यादीत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाकडे जायचं. राज्याच्या यादीत असेल तर कर्नाटकाच्या पुरातत्त्व, संग्रहालये आणि वारसा खात्याकडे, १९६१ च्या राज्य कायद्याखाली. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आली. तुम्ही हौसेने बांधलेला झेंड्याचा चौथरासुद्धा बांधकामच ठरतो. भीमगडासारखा गड अभयारण्यात आहे, तिथे वनखात्याच्या लेखी संमतीशिवाय झुडपालाही हात लावता येत नाही. बेळगावच्या किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या हद्दीत येतो, तिथले नियम वेगळे.

गड कुठल्याच यादीत नसेल तर तो मोकळा आहे असं समजू नका. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) सही घ्या, तहसीलदारांना अर्ज द्या आणि एक प्रत पुरातत्त्व खात्याला पाठवा. अर्ज कन्नडमध्ये लिहून मराठी प्रत सोबत जोडा, कारण कार्यालयातला पुढचा पत्रव्यवहार कन्नडमध्येच होतो आणि भाषांतरासाठी फाईल पडून राहत नाही. अर्जात ‘गडाचे संवर्धन करणे’ असं मोघम लिहू नका. ‘दरवाजाच्या डाव्या बाजूच्या ४० मीटर तटावरील गवत व मनगटापेक्षा बारीक झुडपे हातविळ्याने काढणे, कोणतेही खोदकाम न करणे, तारीख अमुक ते अमुक, माणसे ३०’ असं लिहा. नेमक्या कामाला अधिकारी संमती देऊ शकतो. मोघम अर्जावर सही करायला कुणीही कचरतो आणि त्यात त्याची चूक नाही. पोच घ्यायला विसरू नका.

संमतीची वाट पाहताना रविवार रिकामे जाऊ देऊ नका. तेवढ्या वेळात नोंदी करून ठेवा, पुढच्या प्रत्येक कामाचा आधार तोच आहे. तटाचे साधारण दहा-दहा मीटरचे तुकडे पाडा आणि कागदावरच्या नकाशात त्यांना क्रमांक द्या. भिंतीवर रंगाने आकडे घालायचे नाहीत, खडूनेसुद्धा नाही. प्रत्येक तुकड्याचा समोरून एक आणि तिरपा एक असे दोन फोटो, फोटोत एक मीटरची पट्टी, आणि फोटो काढणाऱ्याने उभं राहण्याची जागा दोन ठळक खुणांपासून टेपने मोजलेली. हेच फोटो वर्षातून दोनदा घ्यायचे: मेअखेर, म्हणजे पावसाच्या तोंडावर, आणि ऑक्टोबरात, पाऊस उघडल्यावर. या दोन फोटोंमधला फरक म्हणजे त्या पावसाळ्याने तटाचं काय केलं याचा पुरावा.

जिथे भिंतीला पोट सुटलंय, म्हणजे ती बाहेर फुगलीय, तिथे खाली उभं राहून मोजमाप करू नका. भिंतीपासून पाच मीटरवर बांबूची तिकाटणी उभी करा, तिला ओळंबा लावा आणि ओळंब्याची दोरी व भिंतीची कड एकाच चौकटीत येतील असा फोटो घ्या. तिकाटणीच्या पायांची आणि मोबाईल ठेवायच्या दगडाची जागा कायम ठेवायची. मे आणि ऑक्टोबरचे फोटो शेजारी ठेवले की दोरी आणि भिंत यांतलं अंतर बदललंय का ते दिसतं. बदल दिसला तर त्या भागाच्या वर आणि खाली वावर बंद करून खात्याला फोटोसह कळवायचं. हे आठवडाभरात झालं पाहिजे.

आता झाडी. आपल्या भागातले बरेच तट पाण्याने पडतात आणि पाण्याला आत जायची वाट झाडांची मुळं करून देतात. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे सरकाल तसा तो झपाट्याने वाढतो. तटाच्या दोन दर्शनी भिंतींमध्ये दगडमातीचं भरण असतं. वरून पाणी मुरलं की भरण फुगतं आणि बाहेरची भिंत ढकलली जाते. पोट सुटतं ते असं.

पिंपळ, वड, उंबर यांची रोपं पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यात रुजतात. ऑगस्टमध्ये दोन-चार पानांचं रोप बोटांनी ओढलं तर मुळासकट येतं, कारण सांधा ओला असतो आणि मूळ वीतभरही नसतं. तेच रोप दोन वर्षांनी कोयत्याला दाद देत नाही. म्हणून ऑगस्टमधले दोन रविवार फक्त रोपं उपटण्यासाठी ठेवा, तेही उतार घसरडा नसेल अशा ठिकाणीच. तीस माणसांच्या हातून वर्षभरात एवढं उपयोगाचं दुसरं काम क्वचितच होत असेल.

मनगटाएवढं किंवा त्याहून जाड झाड उपटायचं नाही. त्याच्या मुळांनी दगड ढकललेले असतात, पण आता तीच मुळं त्यांना धरूनही ठेवतात. मूळ ओढलं की चार चिरे सोबत येतात आणि मागचं भरण ओघळतं. असं झाड खोडापाशी कापायचं, खुंट ठेवायचा, आणि खुंट मारण्याचं काम खात्याच्या देखरेखीखाली प्रशिक्षित माणसाने करायचं. खुंटाला लावायचं औषध कापल्यावर काही मिनिटांत लागावं लागतं, तासाभराने लावलं तर ते आत ओढलं जात नाही आणि महिन्याभरात दहा धुमारे फुटतात. मीठ, ॲसिड, डिझेल ओतण्याचे घरगुती उपाय पूर्ण बंद ठेवा. मीठ चुन्याच्या सांध्यात मुरतं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि ते सांधा आतून भुगा करतात. ॲसिड तर चुना सरळ विरघळवतं. खुंट मेल्यावर मुळं कुजायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि तेव्हा तिथे पोकळी होते. ती भरायचं काम अभियंत्याचं, म्हणून कापलेल्या प्रत्येक खुंटाची नोंद वहीत हवी.

सगळा तट खरवडून उघडा करू नका. तटाच्या माथ्यावरचं बारीक गवत उथळ मुळांचं असतं आणि पावसाचा मारा ते आपल्या अंगावर घेतं. ते कापा, मुळासकट काढू नका. ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून टिकावाने माथा सोलला तर पहिल्याच पावसात भरण धुपायला लागतं. जंग्या (तटातली मारा करायची भोकं) आणि पाणी बाहेर सोडणाऱ्या मोऱ्या मात्र हाताने मोकळ्या करा. त्यांत पहार खुपसू नका.

कापलेलं गवत तटाशी ढीग करून पेटवायचं नाही. आगीच्या धगीने दगडाची पापुद्रे निघतात आणि सांध्यातला चुना कमजोर होतो. ढीग तटापासून लांब न्या, गुरांसाठी कुणाला हवं असेल तर द्या. गावातले गुराखी आणि धनगर आधीपासून गडावर असतात. पाणी कुठून झिरपतं, मोहोळ कुठल्या कड्याला आहे, कुठला चिरा यंदा पडला हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना विचारल्याशिवाय वाट अडवू नका, कुंपण घालू नका. फेब्रुवारी ते एप्रिल वणव्याचे दिवस. वनखात्याशी बोलून जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) आखून घ्या, स्वतःहून पेटवून काढायला जाऊ नका.

सिमेंटबद्दल थोडं सविस्तर, कारण जास्तीत जास्त नुकसान चांगल्या मनाने टाकलेल्या सिमेंटने झालेलं आहे. आपल्याकडे बऱ्याच तटांत जांभ्याचे चिरे आहेत. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. चुन्याचा सांधा दगडापेक्षा मऊ असतो, त्यामुळे आत शिरलेली ओल सांध्यातून बाहेर पडते आणि झिजलाच तर सांधा झिजतो. तो पुन्हा भरता येतो. सांध्यात सिमेंट भरलं की ओलीची ती वाट बंद होते. मग ती चिऱ्याच्या अंगातून बाहेर येते आणि चिऱ्याची कड पावसाळ्यागणिक पिठासारखी झडते. काही वर्षांनी चित्र असं दिसतं: सिमेंटची जाळी तशीच उभी आणि तिच्या घरांमधून दगड आत खचलेले. सिमेंट काढायला गेलं तर चिऱ्याची साल सोबत येते. शिवाय सिमेंट ताठ असतं, भिंत जरा बसली की तडा दगडातून जातो.

चुन्याचं काम परवानगीने आणि जाणकार गवंड्याच्या हाताखालीच करायचं, पण ते कसं चालतं हे मंडळाला माहीत हवं, म्हणजे ठेकेदाराने चुन्यात सिमेंट मिसळलं तर ओळखता येईल. कळीचा चुना विरवून, गाळून, पाण्याखाली निदान महिनाभर मुरवतात. मग एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग धुतलेली वाळू, किंवा एक भाग चुन्याला दीड भाग सुरखी (विटांची पूड) आणि दीड भाग वाळू. सुरखी चांगल्या विटांची नको, कमी भाजलेल्या विटांची हवी. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी यांचा वापर जुन्या पद्धतीत आहे, पण प्रमाण जुन्या चुन्याचा नमुना तपासून ठरतं, ऐकीव मापाने नाही. अंदाजासाठी: एक चौरस मीटर भिंतीत सांध्यांचा वाटा पाचवा हिस्सा आणि सांधा अडीच सेंटीमीटर खोल धरला तर पाच लिटर माल लागतो, सांडलवंड वेगळी. भरलेला सांधा ओल्या गोणपाटाखाली निदान आठवडाभर, शक्य तर दोन आठवडे राहायला हवा. भर उन्हात भरलेला सांधा वरून वाळतो आणि आतून कच्चाच राहतो.

पडलेले चिरे उचलून नीट रचून ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. दगड जिथे पडलाय त्यावरून तो भिंतीत कुठे होता हे सांगता येतं. आधी जागच्या जागी फोटो आणि मोजमाप, हलवायचं की नाही ते मग खातं ठरवेल. वाटेत आलेला एखादा चिरा बाजूला घ्यावाच लागला तर नोंद करून सर्वांत कमी अंतरावर सरकवा.

आता खालच्या माळाकडे येऊ, कारण याच्याकडे फार कमी लक्ष जातं. गडाला दरवाजा असतो, बुरूज असतो, लोक फोटो काढतात. लढाईच्या मैदानावर दिसायला काहीच नसतं. पण वेढा घालणाऱ्याचे मोर्चे, म्हणजे तोफा-बंदुकांच्या जागा, तटाबाहेर असतात. १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोने बेळगावचा किल्ला वेढला, १८२४ च्या २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या सैन्याने इंग्रजांना हरवलं आणि त्यांचा धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले. सीमेपलीकडे नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर पडले. या लढायांचा पुरावा कागदात जेवढा आहे तेवढाच मातीत असू शकतो, आणि मातीतला पुरावा वरच्या वीत-दोन विती थरात असतो. नांगर, जेसीबी, झाडांसाठीचे दोन-दोन फुटी खड्डे नेमका तोच थर उलथतात. म्हणून झाडं नकोत. सावली हवीच असेल तर गावच्या वाटेच्या कडेला, माळाच्या हद्दीबाहेर लावा.

एक उदाहरण जवळून बघू. इंग्रजी पायदळाच्या त्या काळच्या बंदुकीची शिशाची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाची आणि ३० ग्रॅमच्या आसपास वजनाची असते. जुन्या शिशावर पांढरट साय धरते, म्हणून ती खड्यासारखी दिसते, पण हाताला लगेच जड लागते. पूर्ण गोल गोळी कशावर न आदळता पडलेली असते, किंवा नुसती हातातून सांडलेली. चपटी झालेली गोळी कशावर तरी आदळलेली असते. माळाच्या एका पट्ट्यात गोल गोळ्या आणि तटाच्या पायथ्याशी चपट्या सापडल्या, तर बंदुकवाले कुठे उभे होते ते कळतं. तीच गोळी कुणी खिशात घालून घरी नेली की ती नुसतं शिसं राहते. जमिनीवर काही दिसलं तर उचलू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, दोन कायम खुणांपासून टेपने अंतर मोजा (मोबाईलचं स्थान चार-पाच मीटर चुकू शकतं) आणि कळवा. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला मंडळात जागा नको. सापडलेली वस्तू ठेवून घेणं कायद्याने गुन्हा ठरू शकतं. तोफेचा गोळा पोकळ वाटला, त्याला भोक किंवा बुच दिसलं, तर हात न लावता पोलिसांना कळवा. आत दारू असू शकते.

गडावर तोफ असेल तर तिला तेलरंग लावू नका आणि चौथऱ्यात सिमेंटने गाडू नका. गाडलेल्या भागात ओल साठते आणि तिथूनच लोखंड पापुद्र्यांनी सुटतं. तोंड किंचित खाली कलतं राहिलं म्हणजे पाणी आत साचत नाही, पण तोफ हलवणं खात्याच्या माणसांचं काम.

टाकं उपसताना आधी हिशोब मांडा. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद टाक्यात एक मीटर गाळ म्हणजे २४ घनमीटर, ओला गाळ म्हणून सुमारे ४० टन. एका घमेल्यात पंधरा किलो धरले तर जवळजवळ २,७०० घमेली. साखळी करून मिनिटाला सहा घमेली पुढे गेली तरी साडेसात तासांचं काम, आणि माणसं दमतात, म्हणून रविवारी अडीच तास धरून तीन ते चार रविवार. हे आधी सांगितलं नाही तर दुसऱ्या रविवारी निम्मी माणसं येतात. गाळ १५-२० सेंटीमीटरच्या थरांनी काढा, प्रत्येक थराचा ढीग वेगळा ठेवा आणि पाच मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा. खापरं, लोखंड, नाणी त्यातच असतात, आणि कुठल्या थरातून आली ते कळलं नाही तर त्यांचा उपयोग राहत नाही. म्हणूनच खात्याचा माणूस हजर हवा. गाळ तटाला टेकून टाकू नका, तो ओल धरतो आणि भिंतीला ढकलतो. पायऱ्या असलेल्या उघड्या टाक्यातच उतरा. अरुंद, खोल विहिरीत किंवा भुयारात कुणालाही उतरवू नका. तिथे प्राणवायू कमी असतो, माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. मेणबत्ती पेटती राहिली म्हणजे हवा चांगली, हा समज धोक्याचा आहे.

तीस जणांसाठी बारा विळे, चार कोयते, सहा फावडी, पंधरा घमेली, खराटे, दोन चाळण्या आणि जाड हातमोजे पुरेत. पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे ९० लिटर. सहा-सहा जणांचे पाच गट करा आणि प्रत्येक गटातला एक जण काम न करता फक्त वर आणि खाली लक्ष ठेवेल असं ठरवा. वरच्या गटाच्या खाली कुणी काम करायचं नाही. पायांत बूट हवेत, आणि दगडाखाली हात घालण्याआधी काठी फिरवायची, कारण अशा माळांवर फुरसं, घोणस असतात. साप चावला तर बांधणं, कापणं नको, १०८ ला फोन करून सरळ बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाकडे. आग्यामोहोळ असलेल्या बाजूला ढोल, धूर, अत्तर काही नको. सकाळी साडेसहा ते दहा, त्यानंतर उन्हाने लक्ष उडतं आणि अपघात होतात.

पहिल्या हंगामाची आखणी अशी करा. ऑक्टोबरात फोटो आणि मोजणी, नोव्हेंबर-डिसेंबरात गवत आणि बारीक झुडपं, जानेवारीत नोंदींची प्रत धारवाडला किंवा राज्य खात्याला, एप्रिल-मेमध्ये परवानगी आली असेल तर टाकं. बुरुजासाठी याच वहीतले फोटो जोडून खात्याकडे दुरुस्तीची मागणी करा, ग्रामपंचायतीच्या ठरावासह. तोपर्यंत त्या बुरुजाखालची वाट दहा मीटर लांबून वळवा आणि वळणावर दगडांऐवजी दोरी बांधा, म्हणजे कुणी मार्ग आखायला तटातले चिरे उचलणार नाही.